पडदा मोकळा, हिशेब उघडा

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये २०१२ साली एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत सामुदायिक दूरचित्रवाणीचे नवे केंद्र सुरू झाले. वस्ती पिढ्यान्‌पिढ्या पोर्तो रिकन कुटुंबांची, आणि केंद्र त्यांच्याच नावाने उभारलेले. उद्घाटनाला प्रवेश मात्र फक्त निमंत्रितांना. डीडी हॅलेक आणि हेसूस पापोलेतो मेलेंदेस या दोघांनी मग बाहेर थांबून लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि हे केंद्र चालवणारी संस्था या वस्तीकडे दुर्लक्ष करते, असा सूर असलेली छोटी फिल्म तयार केली. तिचे नाव ‘द वन पर्सेंट व्हिजिट्स द बारिओ’. ती त्यांनी त्याच संस्थेच्या वाहिनीवर दाखवण्यासाठी दिली आणि ती दाखवलीही गेली. त्यानंतर तक्रारी आल्या, वाद वाढला आणि अखेर संस्थेने दोघांनाही आपल्या सर्व सोयीसुविधांतून निलंबित केले.

या दोघांना उपटसुंभ म्हणता येणार नाही. माध्यमांची झाडाझडती घेणारा ‘पेपर टायगर टेलिव्हिजन’ हा कार्यक्रम हॅलेकबाईंनी १९८१ साली मॅनहॅटनच्या सार्वजनिक वाहिनीवरच सुरू केला होता. मेलेंदेस हे न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन कवींच्या चळवळीतले जुने नाव. दोघे न्यायालयात गेले. शहराने नेमलेली आणि लोकांसाठी राखीव वाहिन्या चालवणारी ‘मॅनहॅटन नेबरहुड नेटवर्क’ ही संस्था सरकारप्रमाणे राज्यघटनेला बांधलेली आहे, की ती इतर कोणत्याही खासगी संस्थेसारखीच, एवढाच प्रश्न होता. १७ जून २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की ती खासगी आहे. तेव्हा भाषणस्वातंत्र्याच्या घटनात्मक हमीचा दाखला देऊन तिला जाब विचारता येणार नाही.

हा निकाल एका संस्थेपुरता नाही. अमेरिकेत गावोगावी अशा ना-नफा संस्था आहेत आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नावर तेथे पन्नास वर्षे घोळ चालू आहे. तो समजायचा तर व्यवस्थेचे मूळ पाहावे लागते. केबल कंपनीला तारा टाकण्यासाठी शहराचे रस्ते आणि खांब वापरावे लागतात. रस्ते जनतेचे, म्हणून त्या वापराचा मोबदला शहराने मागायचा. तो दोन रूपांत मिळतो, थोडा पैसा आणि थोड्या वाहिन्या. मॅनहॅटनमध्ये अशा वाहिन्या १९७१ च्या जुलैत सुरू झाल्या. त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात ‘ऑल्टरनेट मीडिया सेंटर’ उभे केले आणि सामान्य माणसाच्या हाती व्हिडिओ कॅमेरा देण्याची चळवळ फोफावली. १९७२ साली केंद्रीय दूरसंचार आयोगाने मोठ्या बाजारपेठांतल्या केबल कंपन्यांवर लोक, शिक्षण आणि स्थानिक शासन यांच्यासाठी वाहिन्या राखून ठेवण्याची सक्ती केली. आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. मग १९८४ च्या केबल कायद्याने वेगळी वाट काढली. वाहिन्या मागायच्या की नाही ते प्रत्येक शहराने ठरवावे, रस्ते वापरण्याचा मोबदला, म्हणजे फ्रँचायझी शुल्क, केबल सेवेच्या ढोबळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावे आणि राखीव वाहिन्यांवरच्या आशयात केबल कंपनीने लुडबुड करू नये.

कंपनीचा हात असा बांधला गेला. शहराच्या सरकारने कार्यक्रमांवर कात्री चालवायची तर राज्यघटना आडवी येते. उरली ती या दोघांच्या मध्ये उभी केलेली ना-नफा संस्था. रहिवाशाने प्रशिक्षण घ्यावे, कॅमेरा नोंदवून न्यावा, कार्यक्रम करून आणावा आणि ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या न्यायाने वेळ मिळवावी, अशी रीत. कॅमेरा कोणाला द्यायचा, रात्री आठची वेळ कोणाची आणि पहाटे तीनची कोणाची, कोणाचे सदस्यत्व थांबवायचे, हे सगळे ती संस्था ठरवते. गावात अशी संस्था बहुधा एकच असते. तिने दार लावले तर शेजारचे दार ठोठावण्याची सोय नसते.

हॅलेक खटल्यात बहुमताच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी म्हटले, की इतरांना बोलायला जागा देणे हे काही केवळ सरकारचेच पारंपरिक काम नाही. अनेक खासगी लोक ते करतात. शहराचा त्या वाहिन्यांवर मालकी हक्क नाही. संस्थेच्या तेरा जणांच्या संचालक मंडळात मॅनहॅटन बरोच्या अध्यक्षांनी नेमलेले सदस्य दोनच. कायद्याच्या कलमाकलमाने पाहिले तर हा युक्तिवाद गुळगुळीत आहे. पण न्यायमूर्ती सोटोमायॉर यांनी विरोधी मतात नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. शहराने करार करून लोकांसाठी या वाहिन्या मिळवल्या आणि त्या चालवायला आपल्या वतीने संस्था नेमली. काम दुसऱ्याला सोपवले म्हणून कामाबरोबरची जबाबदारी विरून जात नाही, असा त्यांचा रोख होता.

आमचे मत सोटोमायॉर यांच्या बाजूचे आहे. बहुमताचा अर्थ व्यवहारात असा होतो, की तेच काम शहराने स्वतः केले तर नागरिकाला घटनेचे संरक्षण आणि संस्थेकडून करवून घेतले तर संस्थेची मर्जी. न्यूयॉर्क राज्याचे नियम वाहिनी भेदभाव न करता सर्वांना खुली ठेवायला सांगतात, त्यामुळे तेथे नागरिक अगदीच उघड्यावर पडत नाही. पण ते राज्याचे नियम झाले, आणि राज्याचे नियम राज्याला बदलता येतात.

मग या संस्था सरळ नगरपरिषदेच्या ताब्यात द्याव्यात का? असे सुचवणाऱ्यांनी मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचे उदाहरण आठवावे. १९८८ साली तेथे कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेने सार्वजनिक वाहिनीवर कार्यक्रमासाठी वेळ मागितली. मागणी किळसवाणी होती, यात शंका नाही. नगरपरिषदेने त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सार्वजनिक वाहिनीच बंद करणे. एका अप्रिय गटाचे तोंड बंद करायचे म्हणून साऱ्या शहराचे तोंड बंद केले. प्रकरण न्यायालयात गेले, आपली बाजू टिकणार नाही हे दिसू लागले आणि पुढच्याच वर्षी शहराला वाहिनी पुन्हा सुरू करावी लागली. नगरसेवकांच्या हाती ही सत्ता गेली की तिचा वापर क्लानपुरता राहत नाही. कंत्राटावर, घनकचऱ्यावर, पोलिसांवर प्रश्न विचारणाऱ्या कार्यक्रमाचीही मग अडचण होऊ लागते. ज्याच्यावर कॅमेरा रोखायचा त्याच्याच हाती कॅमेऱ्याचे बटण देणे शहाणपणाचे नाही.

थोडक्यात, संस्थेला मोकळे सोडले तर ती संस्थान होते आणि नगरपरिषदेला बांधली तर तिचे जनसंपर्क खाते होते. या दोन्ही खड्ड्यांच्या मधली वाट काढायची तर आधी एक गल्लत दूर केली पाहिजे. आशयावरची देखरेख आणि पैशावरची देखरेख हे दोन वेगळे विषय आहेत. गंमत अशी, की दोन्ही बाजू ही गल्लत सोयीस्करपणे करतात. नगरपरिषदेला कार्यक्रम खुपतो, पण ती बोलते लेखापरीक्षणाबद्दल. आणि संस्थेकडे कोणी हिशेब मागितला की ती भाषणस्वातंत्र्याचा झेंडा घेऊन उभी राहते.

हिशेबाचा प्रश्न किती चिकट असतो ते हवाईत दिसले. ओआहू बेटावरच्या लोकवाहिन्या ‘ओलेलो’ ही ना-नफा संस्था १९८९ पासून चालवते. तिचा पैसा केबलवरच्या शुल्कातून येतो आणि तिला काम सोपवते राज्याचे खाते. तिची कागदपत्रे नागरिकांना पाहता यावीत का? राज्याच्या माहिती कार्यालयाचे म्हणणे पडले की यावीत, कारण या संस्थेला सरकारी यंत्रणाच मानले पाहिजे. २००७ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे अमान्य केले. संस्था सरकारी यंत्रणा नाही, म्हणून माहितीचा कायदा तिला लागू नाही. याउलट कनेटिकट राज्यात १९८० पासून एक कसोटी वापरात आहे. संस्था सरकारी स्वरूपाचे काम करते का, तिला सरकारी पैसा किती मिळतो, सरकारचा तिच्या कारभारात सहभाग किंवा तिच्यावर नियंत्रण किती आणि ती सरकारने स्थापन केली आहे का, असे चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचा एकत्रित विचार करायचा. नावाची पाटी न पाहता संस्थेचे काम पाहणारी ही कसोटी आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते.

संस्थांचे म्हणणे असे, की आमच्यावर देखरेख आधीपासूनच आहे. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. करमुक्त ना-नफा संस्थेला दरवर्षी केंद्रीय करखात्याकडे ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात संचालकांची नावे असतात, वरिष्ठांचे पगार असतात. हितसंबंधांच्या संघर्षाबाबत लेखी धोरण आहे का, सभांची इतिवृत्ते वेळच्या वेळी लिहिली जातात का, असे प्रश्नही असतात. सलग तीन वर्षे विवरण भरले नाही तर करसवलत आपोआप रद्द होते. मात्र वार्षिक जमा साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत असेल तर एका छोट्या ऑनलाइन सूचनेवर भागते. आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी संस्था या पायरीच्या आसपासच असतात. शिवाय धोरण आहे का, या प्रश्नासमोर ‘होय’ लिहिणे आणि ते पाळणे यात अंतर असतेच. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल धर्मादाय संस्थांवर कारवाई करू शकतात. पण तो हात मोठ्या अफरातफरीपर्यंत पोहोचतो. कॅमेरा कोणाला नाकारला, निवडणूक का झाली नाही, घटनादुरुस्ती कोणत्या सभेत केली, असल्या तक्रारींसाठी तो सहसा उचलला जात नाही.

खरी ग्यानबाची मेख संचालक मंडळात आहे. काही संस्थांत संचालक नगरपरिषद नेमते. तेथे मंडळाचे तोंड सभागृहाकडे असते. काही ठिकाणी सदस्य मतदानाने निवडतात. तेथे चार कार्यक्रमकर्त्यांचा एक गट जमला की संस्था त्याच्या खिशात जाते. आणि पुष्कळ ठिकाणी विद्यमान संचालकच पुढचे संचालक निवडतात. हा तिसरा प्रकार सर्वांत शांत आणि म्हणूनच सर्वांत घातक. भांडणे नाहीत, निवडणुका नाहीत, बातमी नाही. वर्षानुवर्षे तीच माणसे, तोच कार्यकारी संचालक आणि त्याचे मूल्यमापन करणारे त्यानेच सुचवलेले मंडळ. अशा मंडळाला कोणी चोर म्हणत नाही, आणि बहुतेक वेळा तेथे चोर नसतातही. पण प्रश्न विचारण्याची सवय तेथे मेलेली असते, आणि ती मेली की आज प्रामाणिक असलेला कारभार उद्याही तसाच राहील याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

उपाय घटनापीठाच्या उंचीवर शोधण्याची गरज नाही. तो शहर आणि संस्था यांच्यातल्या करारात बसतो. करारात एवढे असावे, की मंडळाच्या सभा लोकांना खुल्या, कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर आणि इतिवृत्त ठरलेल्या मुदतीत उपलब्ध. दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाचा अहवाल. संचालकांच्या कारकिर्दीला कमाल मर्यादा, आणि मंडळात नेमलेले, निवडून आलेले व मंडळाने घेतलेले अशा तिन्ही वाटांनी आलेली माणसे, म्हणजे कोणाही एकाला बहुमत नको. संस्थेच्या माहितीसाठी सरकारी कार्यालयाला लागू असणारेच नियम. निलंबनाची कारणे लेखी, आणि त्यावर अपील ऐकणारा माणूस संस्थेचा नोकरही नको आणि नगरपरिषदेचाही नको. हॅलेक आणि मेलेंदेस यांना अशा अपिलाची भक्कम सोय मिळाली असती तर प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत कदाचित गेलेही नसते. आणि शेवटी, कार्यक्रमाच्या आशयावरून शहराला निधी रोखता येणार नाही, असे स्वतंत्र कलम.

असे नियम चालवता येत नाहीत, ही सबब ऐकून घेऊ नये. व्हर्मॉंटसारख्या छोट्या राज्यात दोन डझनांच्या आसपास लोकवाहिनी संस्था आहेत. त्यांच्या जबाबदाऱ्या राज्याच्या नियामक आयोगाच्या नियमांत लिहिलेल्या आहेत. राज्याचे नियम पाळूनही बर्लिंग्टनमध्ये १९८४ साली सुरू झालेले लोकमाध्यम केंद्र आजवर उभे आहे.

हे सारे आत्ताच मार्गी लावायला हवे, कारण पैसा आटत चालला आहे. शुल्क लागते ते केबलच्या उत्पन्नावर, आणि प्रेक्षक केबल सोडून इंटरनेटवर गेला. ओहायोतल्या मेपल हाइट्स शहराने नेटफ्लिक्स आणि हुलू यांच्याकडून शुल्क मागून पाहिले. २०२२ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दावा लावण्याचा अधिकारच शहराला नसल्याचे सांगितले. कॅलिफोर्नियाने २००६ साली फ्रँचायझीचे अधिकार शहरांकडून काढून राज्याकडे घेतले आणि दोन-अडीच वर्षांत लॉस एंजेलिसमधले केबल कंपनीने चालवलेले पब्लिक अ‍ॅक्सेस स्टुडिओ बंद झाले. २०१९ साली केंद्रीय दूरसंचार आयोगाने आणखी एक पेच टाकला. केबल कंपनी करारानुसार पैशाऐवजी ज्या सेवा देते त्यांची किंमतही पाच टक्क्यांतच धरायची, असे त्याने ठरवले. अपील न्यायालयाने २०२१ साली किंमत कशी लावायची त्यावर मर्यादा घातली, पण तत्त्व कायम ठेवले. आता वाहिनीसाठी निधी हवा असेल तर शहराच्या सर्वसाधारण तिजोरीतून मागावा लागणार. तेथे रांगेत आधीपासून ग्रंथालय आहे, रस्ते आहेत, शाळा आहेत. अशा रांगेत ज्या संस्थेच्या पाठीशी गाव उभे राहील तीच टिकेल. आणि जिने आपला हिशेब कधी दाखवला नाही तिच्यासाठी गाव कशाला उभे राहील?

एडिसनला किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्या, अजून केबल न सोडलेल्या मराठी कुटुंबाने महिन्याच्या बिलावर नजर टाकली तर या शुल्काची छोटी ओळ बहुधा सापडेल. ती रक्कम आपण भरतो, तेव्हा तिचे काय होते ते विचारायचा हक्कही आपल्याला आहे, हे तेथल्या आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडे लोकांसाठी राखीव केबल वाहिनी नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले. नागरिकांसाठी एखादी वाहिनी मागावी हे कोणाला सुचले नाही. लोकांचे म्हणावे असे माध्यम २००६ च्या धोरणानंतर आले ते रेडिओच्या रूपाने. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’सारखी केंद्रे त्यातूनच उभी राहिली. गावातल्या केबलवाल्याची वाहिनी असते; तिच्यावर गणपतीची मिरवणूक असते आणि नगरसेवकांचे वाढदिवसही. ती कोणाच्या खिशातून चालते हे कोणी विचारत नाही.

पण मूळ प्रश्नाच्या बाबतीत आपले सर्वोच्च न्यायालय अमेरिकेच्या पुढे गेले आहे. हॅलेक निकालानंतर बरोबर तीन महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०१९ रोजी, डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात आपल्या न्यायालयाने सांगितले, की सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणारी स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येते. भरीव म्हणजे निम्म्याहून अधिक असे नाही, आणि शहरातली जमीन फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळणे हेही भरीव साहाय्य ठरू शकते, इतके स्पष्ट. दोन्ही खटल्यांतला कायदेशीर मुद्दा एक नाही. तेथे वाद भाषणस्वातंत्र्याचा होता, येथे माहितीचा. तरीही जमिनीबद्दल जे येथे म्हटले गेले ते तेथल्या रस्त्यांनाही लावता आले असते. लोकांची जागा वापरून उभी राहिलेली संस्था लोकांना परकी कशी?

म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी असेही नाही. निकाल आहे, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. आणि विश्वस्त बदलल्याचे ‘चेंज रिपोर्ट’ वर्षानुवर्षे पडून राहतात, एकाच संस्थेची दोन-दोन मंडळे आपणच खरे म्हणून सभा घेतात, हेही आहे. कायदा कागदावर चांगला असून भागत नाही, विचारणारा लागतो. कार्यक्रम काय दाखवावा हे संस्थेला कोणी सांगू नये, ना मंत्र्याने, ना नगरसेवकाने, ना देणगीदाराने. पण पैसा कोठून आला, कोठे गेला आणि कोणी ठरवले, हे तिने कोणालाही सांगितलेच पाहिजे. वाचकांपैकी जे कोणी अशा संस्थेचे सदस्य असतील त्यांनी येत्या वार्षिक सभेला जावे, ताळेबंद वाचावा आणि मागील सभेचे इतिवृत्त मागून घ्यावे.